शासनाचा पदच्छेद : मर्यादित आज्ञासंचातील संकेतनपद्धती

१. प्रास्ताविक

म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयाची स्थापना १८९१ मध्ये झाली. आज ही संस्था प्राच्यविद्या संशोधन संस्था या नावाने म्हैसूर विद्यापीठाचा भाग आहे. तंजावरकडील एका पंडिताकडून या ग्रंथालयात आलेल्या ग्रंथलिपीतील ताडपत्रांवर आर. शामशास्त्री यांना १९०५ मध्ये कौटिलीय अर्थशास्त्राची संहिता आढळली. १९०९ मध्ये त्यांनी ती मुद्रित रूपात प्रसिद्ध केली. या ग्रंथाच्या दुसऱ्या अधिकरणातील दहावा अध्याय ‘शासनाधिकार’ या नावाने ओळखला जातो. राजाची आज्ञा लिखित रूपात कशी उतरवावी, हा त्याचा विषय आहे. अर्थक्रम, संबंध, परिपूर्णता, माधुर्य, औदार्य आणि स्पष्टत्व हे लेखाचे सहा गुण, तसेच अकान्ति, व्याघात, पुनरुक्त, अपशब्द आणि संप्लव हे पाच दोष तेथे सांगितले आहेत. आज्ञा देणारा समोर नाही, आज्ञा पाळणाऱ्याला प्रतिप्रश्न विचारण्याची सोय नाही, आणि दोघांमध्ये केवळ लिखित चिन्हांचा दुवा आहे, अशा परिस्थितीचा हा विचार आहे.

आज अशीच परिस्थिती संगणकाच्या प्रक्रियकात प्रत्येक क्षणी निर्माण होत असते. प्रक्रियकाला मिळणारी आज्ञा शून्य आणि एक या दोनच चिन्हांत लिहिलेली असते, आणि ती लिहिणारा कधीही उपस्थित नसतो. साहित्यविचारात ‘संकेतावली’ ही संज्ञा रोमान याकबसन यांच्या १९६० मधील संज्ञापन-प्रतिमानापासून आणि रोलाँ बार्थ यांच्या ‘एस/झेड’ या १९७० मधील ग्रंथापासून सर्रास वापरली जाते. तिच्यामागे अभियांत्रिकीतून आलेला अर्थ आहे. मात्र प्रत्यक्ष यंत्रातील संकेतन कसे असते, याकडे अभ्यासकांचे सहसा लक्ष जात नाही. परिणामी ‘भाषा ही एक संकेतावली आहे’ हे विधान कधी फार सैलपणे, तर कधी फार कठोरपणे केले जाते. मर्यादित आज्ञासंच असलेल्या, म्हणजेच ‘रिस्क’ या नावाने परिचित असलेल्या संगणकरचनेत आज्ञांचे संकेतन कसे होते, हे येथे एका प्रत्यक्ष उदाहरणाच्या आधारे स्पष्ट केले आहे. त्या संकेतनाचे सूत्रवाङ्मयाशी व व्याकरणाशी असलेले साम्य कोठे संपते, हेही दाखविले आहे.

२. लांबीचा प्रश्न आणि संप्लव

ताडपत्रावरील मजकूर सलग असतो. शब्दांमध्ये मोकळी जागा सोडण्याची पद्धत नसल्याने संपादकाचे पहिले काम पदच्छेदाचे असते. छेद एका अक्षराने मागे-पुढे झाला, तर त्याच अक्षरांतून वेगळा अर्थ निघतो. अर्थशास्त्रातील ‘संप्लव’ हा दोष याच जातीचा आहे. जेथे वर्ग पाडू नये तेथे तो पाडणे, आणि जेथे पाडावा तेथे न पाडणे, असे त्याचे स्वरूप सांगितले आहे.

संगणकाची स्मृतीही अशीच सलग असते. तिच्यात बिटांमागून बिट असतात, मध्ये कोणतेही विरामचिन्ह नसते. मग एक आज्ञा कोठे संपते आणि दुसरी कोठे सुरू होते, हे कसे कळावे? १९७० च्या दशकातील अनेक प्रक्रियकांत आज्ञांची लांबी कमीजास्त असे. १९७७ मध्ये आलेल्या व्हॅक्स संगणकात एका बाइटची आज्ञा होती, तशीच कित्येक बाइटांचीही होती. घरोघरच्या संगणकांत रूढ झालेल्या इंटेलच्या एक्स८६ कुळात आज्ञा १ ते १५ बाइट लांबीची असू शकते. अशा रचनेत आज्ञा वाचल्याशिवाय तिची लांबी कळत नाही, आणि तिची लांबी कळल्याशिवाय पुढची आज्ञा कोठून वाचावी हे कळत नाही. वाचन चुकून एका बाइटाने पुढे सुरू झाले, तर त्याच बाइटांतून वेगळ्याच, आणि तरीही वैध, आज्ञा निघू शकतात. हा यंत्रातील संप्लव होय.

आयबीएममध्ये जॉन कॉक यांच्या प्रेरणेने १९७० च्या दशकात झालेले काम, १९८० मध्ये बर्कली येथे डेव्हिड पॅटरसन यांनी आणि १९८१ मध्ये स्टॅनफर्ड येथे जॉन हेनेसी यांनी सुरू केलेले प्रकल्प, यांतून रिस्क ही विचारसरणी आकारास आली. कंपायलरने तयार केलेल्या आज्ञावलींत गुंतागुंतीच्या आज्ञा क्वचितच वापरल्या जातात; म्हणून आज्ञा थोड्या, साध्या आणि एकाच मापाच्या ठेवाव्यात, हे तिचे सूत्र होते. अभिजात रिस्क रचनेत प्रत्येक आज्ञा नेमकी ३२ बिटांची, म्हणजे ४ बाइटांची असते, आणि ती चारने भाग जाणाऱ्या पत्त्यावरच सुरू होते. अन्य पत्त्यावरून वाचण्याचा प्रयत्न झाला, तर यंत्र तो दोष म्हणून नोंदवते.

मराठी दप्तरांच्या अभ्यासकांना यातील भेद ओळखीचा वाटेल. मराठेशाहीतील पत्राला आरंभी शिक्का आणि शेवटी मोर्तब असे. मजकुराची लांबी निश्चित नसल्यामुळे, तो येथे संपला आणि यापुढे कोणी काही जोडलेले नाही, हे मोर्तब सांगत असे. रिस्कमधील आज्ञेला मोर्तबाची गरज नाही, कारण तिची मर्यादा तिच्या मापातच आहे.

३. बत्तीस बिटांची विभागणी

आयआयटी मुंबई येथे प्रा. माधव देसाई यांच्या मार्गदर्शनाखाली घडविलेला ‘अजित’ हा प्रक्रियक २०१९ मध्ये जाहीर झाला. त्याने स्पार्क या आज्ञासंचाची आठवी आवृत्ती स्वीकारली आहे. स्पार्क ही सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९८७ मध्ये पुढे आणलेली, बर्कलीच्या परंपरेतील रचना आहे. तिच्यातील एक आज्ञा उलगडून पाहिली, म्हणजे संकेतनाचे तत्त्व ध्यानात येते.

प्रक्रियकाजवळ तात्कालिक संख्या ठेवण्यासाठी काही कप्पे असतात. त्यांना रजिस्टर म्हणतात. स्पार्कमध्ये आज्ञेला एका वेळी ३२ रजिस्टरे दिसतात. दोनाचा पाचवा घात ३२ असल्यामुळे त्यांतील कोणत्याही एकाचा निर्देश करण्यास ५ बिट पुरतात. आता ‘पहिल्या रजिस्टरातील आणि दुसऱ्या रजिस्टरातील संख्यांची बेरीज करून ती तिसऱ्या रजिस्टरात ठेव’ ही आज्ञा अशी लिहिली जाते :

१० | ०००११ | ०००००० | ००००१ | ० | ०००००००० | ०००१०

उभ्या रेघा वाचकाच्या सोयीसाठी आहेत. यंत्रात त्या नसतात. पहिले २ बिट आज्ञेचा वर्ग सांगतात. पुढचे ५ बिट फल कोठे ठेवायचे ते सांगतात. येथे तिसरे रजिस्टर. त्यापुढील ६ बिट म्हणजे क्रिया. सहाही शून्ये म्हणजे बेरीज. नंतरचे ५ बिट पहिल्या संख्येचे स्थान दर्शवितात. त्यानंतर एकच बिट येतो, ज्याचा विचार पुढे केला आहे. पुढच्या ८ बिटांना या आज्ञेत काम नाही, आणि शेवटचे ५ बिट दुसऱ्या संख्येचे स्थान होत. दोन, पाच, सहा, पाच, एक, आठ आणि पाच मिळून बत्तीस होतात.

येथे ‘फल’, ‘क्रिया’, ‘आधार’ या भूमिका दर्शविणारे कोणतेही चिन्ह नाही. मराठीत ‘रावणाला रामाने मारले’ आणि ‘रामाने रावणाला मारले’ या वाक्यांत क्रम बदलला तरी कारकसंबंध ढळत नाही, कारण तो विभक्तिप्रत्ययाने धरून ठेवलेला असतो. यंत्राच्या आज्ञेत प्रत्यय नाहीत. स्थान हीच विभक्ती आहे. ००००१ हा बिटसमूह फलाच्या जागी आला तर ‘पहिल्या रजिस्टरात’, आणि आधाराच्या जागी आला तर ‘पहिल्या रजिस्टरातील’ असा अर्थ होतो. क्रियेच्या सहा बिटांत मात्र प्रत्ययासारखे काही सापडते. बेरीज ००००००, वजाबाकी ०००१००. या क्रियांचे निष्पन्न शून्य आले की ऋण, याची नोंदही हवी असेल तर त्यांची रूपे अनुक्रमे ०१०००० आणि ०१०१०० अशी होतात. दोन्हीकडे एकच बिट, त्याच ठिकाणी, तोच अर्थ घेऊन येतो.

आता त्या एकट्या बिटाकडे वळता येईल. वरील आज्ञेत तो शून्य आहे. तो एक केला आणि उरलेले एकतीस बिट तसेच ठेवले, तर आज्ञेचा अर्थ ‘पहिल्या रजिस्टरातील संख्येत २ मिळवून ती तिसऱ्यात ठेव’ असा होतो. शेवटचे ०००१० हे आधी दुसऱ्या रजिस्टराचे नाव होते. आता शेवटचे १३ बिट मिळून २ ही प्रत्यक्ष संख्या झाली. ‘दोन नंबरच्या कोठीतील धान्य’ आणि ‘दोन’ यांतील हे अंतर आहे. नाव आणि नामनिर्दिष्ट वस्तू यांच्यातील भेदावर भाषेच्या तत्त्वज्ञानात विपुल चर्चा झाली आहे. येथे तो भेद एका बिटाच्या स्वाधीन केला आहे.

४. टंचाई आणि काटकसर

एकदा माप ३२ बिटांवर बांधले की प्रत्येक बिट मोजून खर्च करावा लागतो. आज्ञेतच लिहिलेल्या संख्येला १३ बिट मिळत असल्यामुळे ती उणे ४०९६ ते अधिक ४०९५ या मर्यादेतच राहते. त्याहून मोठी संख्या हवी असल्यास दोन आज्ञा लागतात. पहिली आज्ञा संख्येचे वरचे २२ बिट ठेवते, दुसरी खालचे १० बिट भरते. दोहोंची बेरीज पुन्हा ३२. दूरच्या उपआज्ञावलीला पाचारण करणाऱ्या आज्ञेत वर्गाचे २ बिट सोडून उरलेले सर्व ३० बिट अंतरासाठी दिले आहेत. आज्ञांचे पत्ते चारच्या पटीतच असल्यामुळे शेवटची दोन शून्ये लिहिण्याची गरज नसते. म्हणून ३० बिटांत ३२ बिटांच्या संपूर्ण स्मृतीत कोठेही पोचता येते. जे नियमाने ठरलेले आहे ते लिहायचे नाही, हे तत्त्व येथे पूर्णत्वास गेले आहे. ‘परिपूर्णता’ या गुणाचे वर्णन करताना अर्थशास्त्राने अर्थ, पदे आणि अक्षरे यांत न्यून नसावे आणि अधिकही नसावे असे म्हटले आहे, ते येथे आठवते.

काटकसरीचे दुसरे साधन म्हणजे शून्य क्रमांकाचे रजिस्टर. ते वाचले तर नेहमी शून्य मिळते, आणि त्यात काहीही ठेवले तरी ते टिकत नाही. यामुळे अनेक आज्ञा निराळ्या ठेवण्याची गरजच उरत नाही. एका रजिस्टरातील संख्या दुसऱ्यात हलविण्यासाठी वेगळी आज्ञा नाही. शून्याशी ‘किंवा’ ही तार्किक क्रिया केली की काम होते. दोन संख्यांची तुलना म्हणजे वजाबाकी करून फल शून्य रजिस्टरात टाकून देणे. ‘काही करू नको’ ही आज्ञासुद्धा शून्य रजिस्टरात शून्य ठेवण्याच्या रूपात लिहिली जाते.

माणसाने वाचायच्या रूपात मात्र ‘हलव’, ‘तुलना कर’ अशी स्वतंत्र नावे ठेवलेली असतात. असेंब्लर त्यांचे यंत्ररूपात भाषांतर करतो आणि भाषांतरात ती नावे लुप्त होतात. उलट दिशेने जाणाऱ्याला मूळ लेखकाने ‘हलव’ असे लिहिले होते की ‘शून्याशी किंवा कर’ असे, हे बिटांवरून निश्चित सांगता येत नाही. क्रिया अचूक पोचली, पण शब्दनिवड हरवली. अनुवादाच्या अभ्यासकांना परिचित असलेली ही हानी भाषांतर संपूर्णपणे निर्दोष असतानाही होते, ही गोष्ट लक्षणीय आहे.

५. एकच अडचण, दोन व्याकरणे

स्थान हीच विभक्ती असेल तर एक पेच उद्भवतो. रजिस्टरातील संख्या स्मृतीत नेऊन ठेवण्याच्या आज्ञेत फलाचे रजिस्टर नसते. मात्र पत्त्याचे रजिस्टर, त्यात मिळवायचे अंतर आणि ठेवायच्या संख्येचे रजिस्टर असे तीन घटक हवे असतात. या पेचावर दोन रिस्क रचनांनी दोन निराळे तोडगे काढले आहेत.

स्पार्कने अंतराची संख्या अखंड ठेवली आणि फलाची मोकळी झालेली जागा ठेवायच्या संख्येच्या रजिस्टराला दिली. जागा तीच, पण भूमिका उलट. मराठीतील कर्मणी प्रयोगात क्रियापद कर्त्याऐवजी प्रथमेतील कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. तेथे प्रथमा पाहून कर्ता ठरविता येत नाही, आधी प्रयोग ओळखावा लागतो. स्पार्कमध्येही त्या पाच बिटांचा अर्थ क्रिया ओळखल्यावरच लागतो.

बर्कली येथे २०१० पासून विकसित झालेल्या रिस्क-पाच या रचनेने उलट मार्ग धरला. तिच्यात आधाराच्या दोन्ही रजिस्टरांच्या जागा सर्व आज्ञांत स्थिर आहेत. त्याची किंमत संख्येने मोजली आहे. स्मृतीत ठेवण्याच्या आज्ञेत १२ बिटांच्या अंतराचे ७ आणि ५ असे दोन तुकडे करून ते दोन टोकांकडे ठेवले आहेत. वाचणाऱ्या माणसाला हा दूरान्वय वाटतो. यंत्राला मात्र तो सोयीचा आहे, कारण क्रिया कोणती हे कळण्यापूर्वीच ते ठरलेल्या जागांवरून रजिस्टरे वाचावयास घेऊ शकते. तुकडे जोडणे हे केवळ तारांच्या जोडणीचे काम आहे. त्यात वेळ जात नाही. एका रचनेने संख्येची अखंडता राखली, दुसरीने भूमिकेची स्थिरता राखली. दोन भाषांनी एकाच गरजेची दोन व्याकरणे घडवावीत, तसा हा प्रकार आहे.

६. सूत्र आणि शब्द : साम्याची सीमा

अशा काटकसरीकडे पाहून पाणिनीच्या सूत्रांची आठवण होणे स्वाभाविक आहे. रिक ब्रिग्ज यांचा संस्कृत आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांवरील लेख १९८५ मध्ये प्रसिद्ध झाल्यापासून ‘संस्कृत ही संगणकाला सर्वांत योग्य भाषा’ असे विधान लोकप्रिय झाले. तो लेख शास्त्रीय संस्कृतातील अर्थविश्लेषणाविषयी आहे. यंत्राच्या आज्ञांविषयी नाही. आज्ञांच्या पातळीवर तुलना केली, तर साम्यापेक्षा भेदच मोलाचा ठरतो.

सूत्राचा लघुपणा अनुवृत्तीवर उभा आहे. आधीच्या सूत्रातील पद पुढच्या सूत्रांत चालत येते, म्हणून ते पुन्हा लिहावे लागत नाही. सूत्र एकटे काढून वाचले तर बहुधा अपुरे राहते. रिस्कमधील आज्ञा याच्या नेमकी विरुद्ध आहे. तिचा पदच्छेद करण्यासाठी मागचे काहीही वाचण्याची आवश्यकता नसते; ३२ बिटांत तिची ओळख पूर्ण होते.

अनुवृत्तीवर चालणारे प्रक्रियकही होते, आणि त्यांचा एक अध्याय महाराष्ट्रातच घडला. पुण्यातील सी-डॅक या संस्थेने १९९१ मध्ये पूर्ण केलेला ‘परम ८०००’ हा महासंगणक इनमॉस कंपनीच्या ट्रान्सप्युटर प्रक्रियकांवर उभारला होता. ट्रान्सप्युटरची आज्ञा एका बाइटची असे : ४ बिट क्रियेचे, ४ बिट संख्येचे. चार बिटांत १५ हून मोठी संख्या मावत नाही. म्हणून उपसर्गासारखी आज्ञा आधी येऊन आपले चार बिट पुढच्या आज्ञेसाठी राखून ठेवी. १००० ही संख्या घ्यायची असेल तर ‘उपसर्ग ३, उपसर्ग १४, घे ८’ असे तीन बाइट लागत; तीनदा २५६, चौदा वेळा १६ आणि ८ मिळून हजार होतात. शेवटची आज्ञा पार पडली की साठविलेला भाग पुसला जाई, म्हणजे अनुवृत्तीची निवृत्ती होई. स्पार्कमध्ये तीच संख्या १३ बिटांत मावते आणि एकाच आज्ञेत बसते, पण त्यासाठी ४ बाइट खर्च होतात. अर्थात अनुवृत्तीने जागा वाचते, आणि स्वयंपूर्णतेने वाचन सोपे होते. सी-डॅकच्याच ‘परम १००००’ या १९९८ मधील महासंगणकात स्पार्क कुळातील प्रक्रियक होते. एकाच संस्थेत सातआठ वर्षांच्या अंतराने ही दोन व्याकरणे नांदली.

साम्याची दुसरी सीमा श्लेषाची आहे. वर दिलेले ३२ बिट आज्ञा म्हणून न वाचता संख्या म्हणून वाचले, तर २ अब्ज २४ कोटी ८१ लाख ६३ हजार ३३० ही संख्या मिळते. दोन्ही वाचने तितकीच खरी आहेत. परंतु काव्यातील श्लेषात दोन्ही अर्थ वाचकाच्या मनात एकत्र राहतात, आणि त्यांच्या एकत्र राहण्यातच चमत्कृती असते. यंत्रात ते बिट कोणत्या वाटेने आले यावर निर्णय होतो. आज्ञा म्हणून उचलले तर आज्ञा, बेरजेसाठी उचलले तर संख्या. तेथे अर्थनिर्णय आहे, पण अर्थबोधाचा व्यापार नाही. म्हणूनच लेखाच्या सहा गुणांपैकी अर्थक्रम, संबंध, परिपूर्णता आणि स्पष्टत्व यांना यंत्राच्या आज्ञेत प्रतिरूप सापडते, माधुर्य आणि औदार्य यांना मात्र सापडत नाही. तसेच अपशब्दाबाबत. चुकीचे लिंग वा वचन वापरलेला लेख शहाणा वाचक समजून घेतो. संकेतात न बसणारा बिटसमूह येताच यंत्र काम थांबवून दोष कळविते.

७. समारोप

साहित्यविचारातील ‘संकेतावली’ या रूपकाला या तपशिलांनी मर्यादा पडते, आणि त्याच मर्यादेमुळे ते उपयोगी ठरते. यंत्रातील संकेत म्हणजे चिन्ह व अर्थ यांची केवळ जोडी नव्हे. माप, छेद, स्थान आणि वाचणाऱ्याची सोय यांच्या ताणातून घडलेली ती व्यवस्था आहे. साहित्यकृतीला संकेतावली म्हणताना तिच्यात पदच्छेद कोण करतो, कोणत्या नियमाने करतो, आणि त्या कृतीचे वाचन मागील वाचनाच्या अनुवृत्तीवर किती अवलंबून असते, हे प्रश्न विचारावे लागतील. रिस्कमधील आज्ञेला अनुवृत्ती लागत नाही. साहित्यकृती अनुवृत्तीवाचून वाचताच येत नाही.

आणखी एक गोष्ट नोंदविणे आवश्यक आहे. ‘अजित’ मुंबईत घडू शकला, कारण स्पार्कचे व्याकरण प्रकाशित होते आणि ते कोणालाही वाचता व पाळता येत होते. रिस्क-पाचचे व्याकरणही खुले आहे. त्याच्या आधारे आयआयटी मद्रास येथे ‘शक्ती’ आणि सी-डॅकमध्ये ‘वेगा’ ही प्रक्रियकांची कुळे तयार झाली. आज्ञा कोणीही लिहो, ती कशी वाचावी याचा नियम ज्याच्या हाती असतो, त्याच्या हाती यंत्राची सत्ता असते. अर्थशास्त्राची पोथी एका पंडिताच्या संग्रहात होती तोपर्यंत शासनाधिकाराचे वाचन तिच्या मालकापुरते होते. म्हैसूरच्या ग्रंथालयात ती आली, १९०९ मध्ये छापली गेली, आणि पुढे मुंबई विद्यापीठाने १९६० पासून प्रसिद्ध केलेल्या र. पं. कंगले यांच्या चिकित्सक आवृत्तीत तिच्या पाठांची छाननी झाली. तेव्हाच तिच्या पदच्छेदाविषयी मतभेद व्यक्त करणे इतरांना शक्य झाले.